सेवा क्लबच्या उपक्रमांचा लोकांना खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की, तुमच्या भागातल्या एका सेवा क्लबकडून सदस्य होण्यासाठी विचारणा झालीय, पण त्यांच्या कामाचा लोकांना उपयोग होतो की सगळं फोटोपुरतंच असतं, हे कळत नाही. शिवाय नोकरी सांभाळून आठवड्याला दोन तासच मिळतात, त्यात काय होणार.

मी अशाच एका क्लबात अकरा वर्षं आहे. त्यातली सात वर्षं आमचं रुग्णसाहित्य केंद्र सांभाळतो, म्हणजे वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअर बेड वगैरे गरजूंना वापरायला द्यायचं आणि गरज संपली की परत घ्यायचं. तेव्हा अनुभवावरून सांगतो. उपयोग होतो, अगदी मनापासून होतो. पण तो वस्तू दिल्या त्या दिवशी होत नाही. दिल्यानंतर क्लब परत त्या घरी जातो की नाही, यावर तो ठरतो.

हे मला एका वॉकरमुळे कळलं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींसाठी त्यांचा मुलगा वॉकर घेऊन गेला होता. दोन महिन्यांनी मी तो परत आणायला गेलो, तर आजी त्यावर पार वाकून चालत होत्या. वॉकर त्यांच्या मानाने फार खाली होता. त्याचे पाय बटण दाबून वरखाली करता येतात, हे आम्ही मुलाला सांगितलंच नव्हतं. एका पायाचं रबर इतकं झिजलेलं होतं की आतली नळी फरशीला घासत होती. ओल्या फरशीवर त्या एकदा घसरल्याही होत्या. भिंत जवळ होती म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी आमची होती. आमच्या अहवालात मात्र तो वॉकर "एक लाभार्थी" म्हणून केव्हाच जमा झाला होता.

त्यानंतर आम्ही पद्धतच बदलली. आता माणूस ताठ उभा राहून हात मोकळे सोडतो, तेव्हा वॉकरची मूठ त्याच्या मनगटाच्या घडीपाशी येते का, हे बघितल्याशिवाय काम संपलं असं आम्ही धरत नाही. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर आमच्यातलं कुणीतरी घरी जातं. आठ दिवसांनी पुन्हा एक चक्कर असते. परत आलेली वस्तू धुऊन, रबरं बदलून, व्हीलचेअरचे ब्रेक दाबून बघून मगच पुढच्याला मिळते. या कामाचा फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण आजारी माणसाच्या घरातल्यांना काय हवं असतं ते या दुसऱ्या चकरेतच समजतं. कुणाला व्हीलचेअर दिलेली असते आणि ती न्हाणीघराच्या दारातून आत जात नसते. कुणाला रात्री दोन तास झोप मिळावी म्हणून उशाशी बसणारं माणूस हवं असतं.

आणि फोटोत न मावणारं काम सेवा क्लबांना नवीन नाही. रोटरीचा पहिला क्लब १९०५ मध्ये शिकागोत सुरू झाला आणि १९०७ मध्ये त्याने शहरासाठी पहिलं मोठं काम हाती घेतलं ते सार्वजनिक शौचालयाचं. अंध व्यक्तींच्या पांढऱ्या काठीची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. १९३० मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया शहरातल्या लायन्स क्लबच्या अध्यक्षांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना पाहिलं. त्याची काळी काठी काळ्या रस्त्यावर गाडीवाल्यांना दिसतच नव्हती. क्लबने काठ्या पांढऱ्या रंगवल्या, त्यावर लाल पट्टा ओढला आणि वाटल्या. त्याच वर्षी शहराने काठीधारकाला रस्त्यावर प्राधान्य देणारा नियमही केला. थोडा रंग लागला, पण त्याआधी कुणीतरी थांबून नीट बघितलं होतं.

रक्तदान शिबिरांबद्दलही माझं मत याच अनुभवाने बदललं. पूर्वी वर्षातून एकदा मोठं शिबिर घ्यायचं आणि बाटल्यांचा आकडा गेल्या वर्षीच्या पुढे न्यायचा, यात आम्हाला धन्यता वाटायची. मग एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ ताईंनी शांतपणे समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर जेमतेम ५ दिवस. एकाच दिवशी सगळे दाते आले की तेच लोक पुढचे काही महिने रक्त देऊ शकत नाहीत, आणि टंचाई असते तेव्हा यादीत कुणीच उरत नाही. आता आम्ही दर दोन महिन्यांनी लहान शिबिर घेतो आणि तारीख रक्तपेढीला विचारून ठरवतो. आकडे लहान दिसतात, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

झाडांचं थोडक्यात सांगतो : लावणाऱ्यांची यादी मागू नका, उन्हाळ्यात पाणी कोण घालतं ते विचारा.

क्लबच्या रचनेतच एक अडचण आहे, ती माहीत असलेली बरी. अध्यक्ष वर्षाने बदलतो. रोटरी आणि लायन्समध्ये नवं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि नव्या अध्यक्षाला साहजिकच आपलं स्वतःचं काहीतरी करून दाखवायचं असतं. त्यात चांगली चालू कामं मागे पडतात. मी दोन उपक्रम असे बंद पडताना पाहिले आहेत, आणि मुलांची अभ्यासिका बंद झाली त्याची हळहळ अजून आहे. पण उलटही घडतं. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम अंगावर घेतलं. १९८८ मध्ये जगात १२५ देशांत पोलिओ होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख रुग्ण होत. आज तो जवळपास संपत आलाय, कारण एवढे अध्यक्ष आले आणि गेले तरी काम कुणी खाली ठेवलं नाही. म्हणून तुमच्या क्लबला विचारा की तीन वर्षांपूर्वी सुरू केलेलं कोणतं काम आज चालू आहे.

पैशांचंही मोकळेपणाने विचारा, कुणी रागावणार नाही. लायन्समध्ये तर नियमच आहे की लोकांकडून जमवलेला पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे. क्लबचा स्वतःचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून. दोन्ही खाती वेगळी आहेत का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आता तुमचे दोन तास. ते कमी नाहीत. आमच्या केंद्रात एक बँकेतले गृहस्थ फक्त शनिवारी संध्याकाळी येतात आणि वस्तू नेलेल्यांना फोन करतात : कसं चाललंय, रबर झिजलं का, अजून लागणार आहे का. त्यांच्या त्या फोनांमुळे आमच्या वस्तू परत यायला लागल्या आणि थांबून राहिलेल्यांना मिळायला लागल्या. समारंभाला ते क्वचितच दिसतात, पण ते आले नाहीत तर केंद्राचं काम अडतं.

तेव्हा अर्ज भरायची घाई करू नका. आधी एखाद्या चालू कामावर जाऊन या, बैठकीला नंतर जा. रुग्णसाहित्य केंद्र असेल तर नोंदवही बघायला मागा आणि परतीच्या तारखांचा रकाना वाचा. तो भरलेला असेल, अलीकडच्या तारखा असतील, तर त्याच दिवशी अर्धा तास थांबा आणि एखादी व्हीलचेअर पुसू लागा.