बडोद्यात आमचं फराळाचं छोटं दुकान आहे. वेबसाइटच्या एसईओसाठी, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर यावी म्हणून, जाणकाराला पैसे द्यावेत का?

द्यावेत, पण आधी फुकटातलं उरकून घ्या. गूगल बिझनेस प्रोफाइलवर पत्ता, वेळा, फोटो भरा. नकाशासोबत वर दिसणारी दुकानं तिथूनच येतात. दांडिया बाजारातल्या दुकानाला जवळच्या गिऱ्हाइकासाठी तेवढंही पुष्कळ.

जाणकार लागतो तो खुद्द वेबसाइटसाठी. बहुतेक छोट्या साइटवर भावपत्रक म्हणजे एक फोटो असतो. माणसाला तो दिसतो, पण शोधयंत्राला मुख्यतः मजकुरावरूनच पान कशाबद्दल आहे ते कळतं. चकली, अनारसे, करंजी यांना वेगळी पानं नसतात, प्रत्येक पानाचं शीर्षक 'होम'. गूगल साइटची मोबाइलवरची आवृत्ती वाचतं आणि तीच नेमकी अर्धवट असते. शिवाय आपल्या गावात कुणी 'बडोदा' लिहून शोधतं, कुणी 'वडोदरा', कुणी गुजरातीत. कुठल्या शोधातून लोक येतात हे सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात दिसतं, पण ते वाचून पानं बदलत राहायला वेळ हवा, आणि तो कढईपुढे उभ्या माणसाकडे नसतो.

परिणाम दिसायला काही महिने जातात, म्हणून दिवाळीचं काम उन्हाळ्यातच सुरू करा.

'पहिला नंबर नक्की' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच सांगतं. साइट वर यावी म्हणून पैसे देऊन दुसऱ्या साइटवर लावून घेतलेल्या विकतच्या लिंका तर नकोच. आणि डोमेन (साइटचा पत्ता), प्रोफाइल, सर्च कन्सोल सगळं तुमच्याच ईमेलवर ठेवा.