कन्सोलचा जुना कंट्रोलर निघणार, मग त्याजागी काय लावायचं?

प्रश्न: सर, मी जुळे सोलापूरचा, पुण्यात एका डेटा सेंटरला मेनफ्रेम ऑपरेशन्समध्ये आहे. गड्ड्याच्या जत्रेला घरी आलोय म्हणून निवांत लिहितोय. आमचे ऑपरेटर कन्सोल, म्हणजे मेनफ्रेमला कमांड द्यायच्या स्क्रीन, अजून आयबीएम ३१७४ कंट्रोलरवर (स्क्रीन मशीनला जोडणारा डबा) चालतात, कोएक्स केबल, हिरवी अक्षरं, सगळं जुनंच. आता नवीन मशीन येतंय आणि वेंडर म्हणतो हा डबा त्याला जोडताच येणार नाही. टीमलीड म्हणतात सगळ्यांच्या पीसीवर टीएन३२७० (नेटवर्कवरून मेनफ्रेमची स्क्रीन दाखवणारा इम्युलेटर) आहेच की, तेच वापरा. चालेल का? आणि ऑन-कॉल असताना सोलापुरातून कन्सोल बघता येईल का?

उत्तर: वेंडरचं खरंय. ३१७४ मशीनला जोडायचा तर जुना पॅरलल चॅनल नाहीतर एस्कॉन (फायबरवरचा जुना चॅनल) लागतो आणि २०१२ च्या झेडईसी१२ मेनफ्रेमपासून आयबीएमने एस्कॉन देणंच बंद केलं, म्हणजे तुमचा डबा कितीही ठणठणीत असू दे, वायर खोचायला जागाच नाही. टीमलीडचं म्हणणं मात्र अर्धंच बरोबर आहे आणि राहिलेलं अर्धं नेमकं अडचणीच्या रात्री महागात पडतं.

पुढच्या आयपीएलला, म्हणजे सिस्टम सुरू करताना, स्क्रीनकडे नीट बघा. सुरुवातीलाच आयईए१०१ए मेसेज येतो, स्पेसिफाय सिस्टम पॅरामीटर्स, आणि सिस्टम तुमच्या उत्तराची वाट बघत थांबते (लोडपार्ममध्ये, म्हणजे सुरू करतानाच्या सेटिंगमध्ये, तसं सांगितलं असेल तर). त्या वेळी व्हीटॅम आणि टीसीपी/आयपी ही नेटवर्कची सॉफ्टवेअर उठलेली नसतात, टीएसओचा (लॉगिन करून काम करायची सोय) तर पत्ताच नसतो. तुमचं पीसीवरचं टीएन३२७० रोज ज्या सर्व्हरला जोडतं तो झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या आतच चालतो ना, मग झेड/ओएसच उभं नाही तर उत्तर टाइप कुठे करणार? एसएमसीएस या नेटवर्कवरून चालणाऱ्या कन्सोलचंही तेच, त्याला व्हीटॅम लागतं. ३१७४ थेट चॅनलवर होता म्हणून ही पंचाईत कधी जाणवली नाही. त्याजागी जे काही लावाल ते ऑपरेटिंग सिस्टम उठायच्या आधी चालायलाच पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आयबीएमने मध्ये २०७४ नावाचा वेगळा कन्सोल कंट्रोलर दिला होता, पण तोही एस्कॉनवरचा, त्यामुळे सेकंडहँड स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे ओएसए-आयसीसी, मशीनच्या आतच असलेला कन्सोल कंट्रोलर, २००४ च्या सुमारास झेड९९० आणि झेड८९० मेनफ्रेमबरोबर आलेला. मशीनमधल्या ओएसए इथरनेट कार्डाचा चॅनल ओएससी टाइपचा म्हणून डिफाइन करायचा, मग ते कार्डच कंट्रोलर होतं, एका चॅनलवर १२० सेशनपर्यंत. पीसीवरचा इम्युलेटर थेट कार्डाशी टीएन३२७०ई बोलतो आणि झेड/ओएसला वाटतं लोकल नॉन-एसएनए ३२७० (थेट चॅनलवरचा टर्मिनल) लावलाय, अगदी ३१७४ वर होता तसाच. एचसीडीमध्ये (हार्डवेअरची नोंद करायचं टूल) डिव्हाइस नंबर जुनेच ठेवले तर कन्सोलच्या पार्मलिब मेंबरला (सेटिंगची फाइल) हात लावायची सुद्धा गरज पडत नाही, फक्त ते नंबर एनआयपी कन्सोलच्या (सिस्टम उठत असतानाच चालणारे कन्सोल) यादीत आहेत ना ते बघून घ्या, हे राहून जातं. इम्युलेटर पैसे देऊन पीकॉम घ्या नाहीतर फुकटचा एक्स३२७० घ्या, दोन्ही चालतात.

एक कार्ड घेऊन थांबू नका. दोन कार्डं, दोन वेगळे स्विच, दोन पीसी. कोएक्सच्या काळात कन्सोल नेटवर्कवर अवलंबून नव्हता, आता आहे, आणि नेटवर्कवाल्यांनी रात्री स्विच रीबूट केला की कन्सोल गेलाच समजा. तेव्हा कामाला येतं एचएमसी (मशीनचं हार्डवेअर सांभाळायचा वेगळा कॉम्प्युटर), त्यातलं ऑपरेटिंग सिस्टम मेसेजेस. तिथून व्हॅरी सीएन, कंसात स्टार, कॉमा, ॲक्टिव्हेट ही कमांड दिली की सिस्टम कन्सोल पूर्ण जागा होतो. रोजच्या कामाला तो नको, मेसेजच्या लोंढ्यात ऑपरेटर बुडून जातो, पण ही कमांड प्रत्येक शिफ्टला पाठ पाहिजे.

३१७४ काढायच्या आधी त्याची प्रत्येक कोएक्स केबल हाताने शेवटपर्यंत जाऊन बघा, कुठल्यातरी कोपऱ्यात एखादा प्रिंटर अजून लटकलेला असतो. डबा थोडे महिने ठेवावाच लागला तर ऑप्टिका कंपनीचा प्रिझम हा कन्व्हर्टर फिकॉनचं (एस्कॉननंतरचा चॅनल) एस्कॉन करून देतो, पण तो एस्कॉनवाल्या ३१७४ साठीच आणि तात्पुरता उपाय.

आता सोलापूरचं. बघता येईल, पण व्हीपीएन आणि ऑफिसच्या जंप सर्व्हरमधूनच (आत शिरायचा एकच राखलेला दरवाजा), आणि तेही सिक्युरिटीवाल्यांनी लेखी परवानगी दिल्यावर. आयसीसीचा पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (स्वतंत्र नेटवर्क) ठेवा, झेड१३ मेनफ्रेमपासून टीएलएस एन्क्रिप्शन मिळतं ते चालू करा, नाहीतर टाइप केलेलं सगळं वायरवर उघडं जातं. अहो, कन्सोलवर बसलेला माणूस अख्खी सिस्टम बंद करू शकतो, म्हणून इथं कडकच राहा.

प्रश्न: मी सोलापुरात डब्ल्यूआयटी इंजिनिअरिंग कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, हे सगळं घरी शिकता येतं का?

उत्तर: येतं की, आणि जरूर शिका, या कामाला नवीन पोरं पाहिजेतच. रॉजर बॉलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हर्क्युलस हा मेनफ्रेमचाच इम्युलेटर साध्या लॅपटॉपवर चालतो, त्यावर एमव्हीएस ३.८जे ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टम फुकट टाकता येतं आणि एक्स३२७० जोडून स्वतः आयपीएल करता येतं. आजचं झेड/ओएस मात्र लायसन्सशिवाय घरी चालवू नका, त्यासाठी आयबीएमचं झेड एक्सप्लोर हे ऑनलाइन शिकायचं व्यासपीठ फुकट आहे, त्यावर नाव नोंदवा.