वर्षाला शंभर डॉलर मानधनाचा आमदार

प्रश्न : माझी भाची अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात राहते. तिच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक तिथले आमदार आहेत आणि त्यांना वर्षाकाठी अवघे शंभर डॉलर मिळतात, असे ती सांगते. सरकारी गाडी नाही, कार्यालय नाही, सोबतीला पोलीस नाही. हे खरे असेल तर तिथला माणूस आमदार होतो तरी कशासाठी?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : आपल्या भाचीने सांगितलेली गोष्ट खरी आहे. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधिगृहाची मुदत दोन वर्षांची असते आणि त्या संपूर्ण मुदतीचे मानधन २०० डॉलर आहे. हा आकडा १८८९ साली राज्यघटनेतच घातला गेला आणि तेव्हापासून तो बदललेला नाही. आजच्या हिशेबाने वर्षाला नऊ हजार रुपयांच्या आसपास भरेल अशी ही रक्कम, वर अधिवेशनाला जाण्यायेण्याचा प्रवासखर्च, एवढीच त्यांची प्राप्ती.

गोव्यातील वाचकाला हे राज्य विशेष जवळचे वाटावे असे आणखी एक कारण आहे. २०२० च्या जनगणनेत न्यू हॅम्पशायरची लोकसंख्या सुमारे १३ लाख ७७ हजार भरली. २०११ च्या जनगणनेत गोव्याची १४ लाख ५८ हजार होती. म्हणजे माणसांच्या संख्येने दोन्ही राज्ये जवळपास सारखी. पर्वरीच्या विधानसभेत आपण ४० आमदार पाठवतो, आणि तिथे कॉन्कर्ड या राजधानीत प्रतिनिधिगृहाचे ४०० सदस्य बसतात, वर सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, २४ वेगळे. आपल्या एका आमदारामागे छत्तीस हजारांहून अधिक लोक येतात, तर तिथल्या एका प्रतिनिधीमागे साडेतीन हजारांच्या आत. ही तर आपल्याकडच्या एखाद्या मध्यम ग्रामपंचायतीची वस्ती झाली. निवडणुकीत तो उमेदवार घरोघर स्वतः जाऊ शकतो, आणि निवडून आल्यावर लोक त्याला दुकानात किंवा चर्चच्या दारात गाठू शकतात. ओळखीच्या दृष्टीने तो आपल्या पंचासारखा आहे, मात्र तो मत देतो ते राज्याचे कर, शाळांचा निधी आणि फौजदारी कायदे यांवर.

आता तो हे काम का करतो, या आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे आमदारकीला जी ओढ आहे तिचा मोठा भाग मंत्रिपदाशी बांधलेला आहे. घटनेच्या मर्यादेमुळे गोव्यात मुख्यमंत्र्यांसह बारा मंत्री होऊ शकतात, आणि चाळीसांच्या सभागृहात बारा जागा म्हणजे सत्ताधारी बाजूच्या जवळजवळ प्रत्येकाला आशा धरण्याजोगे प्रमाण आहे. ज्याला मंत्रिपद मिळत नाही तो महामंडळाच्या अध्यक्षपदाकडे पाहतो. अमेरिकेच्या राज्यांत ही वाटच बंद आहे. तिथला राज्यपाल आपल्या मुख्यमंत्र्यासारखा प्रत्यक्ष कारभार पाहतो, तो थेट जनतेकडून निवडला जातो, आणि विधिमंडळाचा सदस्य आपली जागा राखून त्याच्या खात्याचा प्रमुख होत नाही. त्यामुळे आमदाराच्या हाती उरते ते कायदे करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि कारभारावर लक्ष ठेवणे. समितीचे अध्यक्षपद, पक्षाचे सभागृहातील नेतेपद आणि सभापतिपद ही त्याच्या मानाची शिखरे असतात.

न्यू हॅम्पशायरमध्ये सादर झालेल्या प्रत्येक विधेयकावर समितीपुढे जाहीर सुनावणी होते आणि त्यानंतर ते सभागृहात मताला येते. कोणीही नागरिक त्या खोलीत जाऊन, नाव नोंदवून, विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात बोलू शकतो. आपल्याकडे एखादे विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवले गेले तर त्याची बातमी होते, आणि तिथे मात्र तो रोजचा रिवाज आहे. शेजारच्या निवृत्त शिक्षकांना शंभर डॉलरांपेक्षा मोलाचे वाटत असेल ते हेच, असे मला मनापासून वाटते. शिक्षणविषयक विधेयकावर गावातील पालक त्यांच्यासमोर उभे राहून बोलतात, आणि आयुष्यभर वर्गात काढलेल्या माणसाचे त्यावरील मत कायद्याच्या मजकुरात उतरू शकते.

तरीही या तुटपुंज्या मानधनाची थोरवी गाण्याचा मोह वाचकांनी टाळावा, अशी माझी विनंती आहे. जानेवारीपासून जूनपर्यंत आठवड्यातील काही दिवस कॉन्कर्डला जाऊन बसणे ज्याला परवडते, तोच ही निवडणूक लढवू शकतो. निवृत्तिवेतनावर जगणारे, स्वतःचा व्यवसाय असलेले किंवा जोडीदाराच्या पगारावर घर चालणारे लोक तिथे पुष्कळ दिसतात. कारखान्यात पाळीने काम करणारी आई किंवा रुग्णालयातील परिचारिका ही जागा क्वचितच घेऊ शकते, आणि सभागृहात जो नसतो त्याचे प्रश्नही उशिराच पोहोचतात.

हे चित्र साऱ्या देशाचे समजू नये. पन्नास राज्यांत मिळून ७,३०० हून अधिक राज्य आमदार आहेत आणि त्यांची स्थिती एकमेकांशी मुळीच जुळत नाही. टेक्सासच्या आमदाराला वर्षाला ७,२०० डॉलर आणि अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता मिळतो, आणि तिथले नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवस भरते. मधल्या काळात तो वकिली करतो किंवा गुरे राखतो. न्यूयॉर्कमध्ये हेच पद २०२३ पासून १,४२,००० डॉलर वार्षिक वेतनाचे आहे आणि ती पूर्णवेळची नोकरीच मानावी लागेल. कॅलिफोर्नियाच्या एका राज्य सिनेटरमागे दहा लाखांच्या जवळपास लोक येतात. तिथे दारोदार फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. मोठा निधी, जाहिराती आणि पगारी कर्मचारी यांच्याशिवाय निवडणूक उभी राहत नाही.

प्रश्न : प्रतापसिंह राणे १९७२ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, आपल्या विधानसभेत होते. अमेरिकेत एवढी दीर्घ आमदारकी शक्य आहे का? तिथे तिकीट कोण देते, आणि आमदाराने पक्ष बदलला तर त्याचे पद जाते का?
— एक वाचक, सांखळी

उत्तर : दीर्घ आमदारकीसाठी मी नेब्रास्का राज्यातील अर्नी चेंबर्स यांचे उदाहरण देईन, कारण त्यांच्या कारकिर्दीत आपल्या प्रश्नाच्या बऱ्याच बाजू एकत्र दिसतात. नेब्रास्काचे विधिमंडळ १९३७ पासून एकाच सभागृहाचे आहे. तिथे ४९ सदस्य असतात, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापले जात नाही, आणि वेतन वर्षाला १२,००० डॉलर आहे. ओमाहा शहरातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत केशकर्तनाचा व्यवसाय करणारे चेंबर्स १९७० साली निवडून आले, पुढे कायद्याची पदवी घेतली, आणि १९७१ पासून २००९ पर्यंत सलग सभागृहात राहिले. फाशीची शिक्षा रद्द करण्याचे विधेयक ते जवळजवळ प्रत्येक वर्षी मांडत आणि ते पुनःपुन्हा पडे.

२००० साली नेब्रास्काच्या मतदारांनी चार-चार वर्षांच्या सलग दोनच मुदतींची मर्यादा मंजूर केली. ती चेंबर्स यांना बाहेर काढण्यासाठीच आणली गेली, असे तिथे उघडपणे बोलले जात असे. २००९ मध्ये त्यांना जागा सोडावी लागली. नियमाप्रमाणे चार वर्षे बाहेर राहून ते २०१२ मध्ये पुन्हा निवडून आले आणि २०१३ मध्ये सभागृहात परतले, आणि २०१५ साली त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन सभागृहाने राज्यपालांचा नकाराधिकार, म्हणजे विधेयक रोखण्याचा अधिकार, मोडून फाशी रद्द केली. पुढच्याच वर्षी मतदारांनी सार्वमत घेऊन ती परत आणली. २०२१ मध्ये मुदतमर्यादेमुळे ते दुसऱ्यांदा बाहेर पडले. शेहेचाळीस वर्षांच्या आमदारकीनंतर ज्या कायद्यासाठी ते झगडले तो त्यांच्या हाती राहिला नाही, आणि तरीही सभागृहाची नियमावली त्यांच्याइतकी कोणाला पाठ नव्हती, हे त्यांचे विरोधकही मान्य करत.

अशी मुदतमर्यादा आज सोळा राज्यांत आहे. १९९० साली कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा या तीन राज्यांच्या मतदारांनी तिची सुरुवात केली. जुने, सुस्त झालेले नेते हटावेत हा तिच्यामागचा हेतू रास्त होता, पण सहा-आठ वर्षांत आमदार बाहेर पडू लागल्यावर अंदाजपत्रकातील खाचाखोचा जाणणारे उरले ते कायमचे अधिकारी आणि कंपन्यांची बाजू मांडणारे प्रतिनिधी. मिशिगन आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांनी पुढे नियम बदलून दोन्ही सभागृहांत मिळून बारा वर्षे अशी मुभा दिली. मला ही दुरुस्ती शहाणपणाची वाटते. सभागृहातले काम शिकायलाच पहिली दोन-तीन वर्षे जातात.

तिकिटाबाबत त्यांचा मार्ग आपल्यापेक्षा फार वेगळा आहे. आपल्याकडे उमेदवाराची यादी दिल्लीहून येते आणि शेवटच्या रात्रीपर्यंत इच्छुकांच्या फेऱ्या चालू असतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पक्षाचा उमेदवार पूर्वनिवडणुकीत, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रायमरीत, साधे मतदार ठरवतात. विद्यमान आमदारालाही आपल्याच पक्षातील आव्हानवीराशी तिथे लढावे लागते. या मतदानाला लोक कमी येतात आणि जे येतात ते पक्षाचे कडवे समर्थक असतात, हा त्यातला मोठा दोष आहे; अनेक मतदारसंघ एका पक्षाच्या बाजूने इतके झुकलेले असतात की खरी लढत पूर्वनिवडणुकीतच संपते. मतदारसंघांच्या सीमा दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर बदलतात आणि बऱ्याच राज्यांत त्या आखण्याचा अधिकार विधिमंडळाकडेच असतो, म्हणजे आमदार आपले मतदार स्वतः निवडतात, असे म्हणायला जागा राहते.

पक्ष बदलल्यास पद जाते का? जात नाही. पक्षांतरबंदीचा कायदा तिथे नाही, आणि पक्षादेशाविरुद्ध मत दिले म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. एप्रिल २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या प्रतिनिधिगृहातील ट्रिशिया कॉथम डेमोक्रॅटिक पक्षातून रिपब्लिकन पक्षात गेल्या, आणि त्या एका जागेमुळे रिपब्लिकनांना राज्यपालांचा नकाराधिकार मोडता येईल इतके बहुमत मिळाले. पुढच्याच महिन्यात गर्भपातावरील निर्बंधांचा कायदा त्याच बळावर संमत झाला. त्यांना मत दिलेल्यांनी फसवणूक झाल्याची भावना बोलून दाखवली, पण २०२४ मध्ये त्या नव्या पक्षाकडून थोड्या मतांनी पुन्हा निवडूनही आल्या. गोव्यात २०१९ मध्ये दहा आणि २०२२ मध्ये आठ आमदार एकत्र पक्ष सोडून गेले, कारण पक्षाचे दोन-तृतीयांश आमदार एकत्र गेले तर आपल्या कायद्यात त्यांना पळवाट आहे. तिथे कायदाच नसूनही अशी घाऊक पक्षांतरे होत नाहीत. मंत्रिपद देऊन आमदार ओढण्याची सोय त्या रचनेत नाही, हे मला त्याचे सर्वांत मोठे कारण दिसते.

प्रश्न : राज्याची आमदारकी ही तिथे मोठ्या पदाची पायरी असते का? आणि कोणी मराठी माणूस तिथे आमदार झाला आहे का?
— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : पायरी असते, पण ती चढताना घसरणारे अधिक. अब्राहम लिंकन १८३२ साली इलिनॉयच्या निवडणुकीत हरले आणि १८३४ पासून चार मुदती तिथल्या प्रतिनिधिगृहात होते. त्याच राज्याच्या सिनेटमध्ये १९९७ साली बराक ओबामा आले. २००० मध्ये त्यांनी अमेरिकी संसदेच्या जागेसाठी आपल्याच पक्षाच्या बॉबी रश यांना आव्हान दिले आणि त्यांचा दारुण पराभव झाला. राज्य सिनेटची त्यांची मुदत २००२ पर्यंत असल्याने ती जागा मात्र टिकली. २००३ मध्ये पक्षाला राज्य सिनेटमध्ये बहुमत मिळाले तेव्हा त्यांनी खुनाच्या प्रकरणांतील पोलीस चौकशीचे चित्रीकरण सक्तीचे करणारा कायदा दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने संमत करून घेतला. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

मराठी नावे दोन सांगता येतील. कुमार बर्वे १९९० साली मेरीलँडच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. अमेरिकेत राज्य विधिमंडळावर निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे सदस्य. त्या राज्यात मुदतमर्यादा नाही आणि अधिवेशन वर्षाला नव्वद दिवसांचे असते. ते २००३ पासून २०१५ पर्यंत बहुमत पक्षाचे सभागृहातील नेते होते. २०१६ मध्ये त्यांनी संसदेसाठी पूर्वनिवडणूक लढवली, पण तिथे राज्य सिनेटर जेमी रास्किन जिंकले. बर्वे राज्याच्याच कामात राहिले आणि २०२३ मध्ये वीजदर वगैरेंवर नियंत्रण ठेवणाऱ्या मेरीलँडच्या सार्वजनिक सेवा आयोगावर त्यांची नेमणूक झाली.

दुसरे श्री ठाणेदार. त्यांचे जन्मगाव चिकोडी, बेळगावच्या पलीकडे, म्हणजे चोर्ला घाट चढून गेल्यावर आपल्याला काही तासांत गाठता येईल इतके जवळ. रसायनशास्त्र शिकून आणि उद्योग उभारून त्यांनी २०१८ मध्ये थेट मिशिगनच्या राज्यपालपदासाठी पक्षाची पूर्वनिवडणूक लढवली आणि ते तिसरे आले. ती जिंकणाऱ्या ग्रेचेन व्हिटमर २००१ पासून आधी प्रतिनिधिगृहात आणि मग सिनेटमध्ये अशा चौदा वर्षे राज्य विधिमंडळात काम करून, मुदतमर्यादा संपल्यामुळे बाहेर पडल्या होत्या. ठाणेदार त्यानंतर पायरीवर परत आले. २०२० मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, एक मुदत तिथे काढली, आणि २०२२ च्या निवडणुकीत डेट्रॉइट परिसरातून अमेरिकी संसदेत पोहोचले.