नाटकाची तारीख माहेरी विचारा

प्रश्न : माझं माहेर पवनी तालुक्यातलं, सासर ठाण्याचं. यंदा दिवाळीनंतर माझ्या दहा वर्षांच्या मुलाला झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक दाखवायचं आहे. कुठे, कधी, कोणतं नाटक आहे, ते कळत नाही. तिकीट आधी काढता येतं का? मूल रात्रभर बसेल का?

उत्तर : ताई, वेळापत्रक शोधत बसू नका, माहेरी फोन लावा. आपला नाटकांचा हंगाम धानावर चालतो. हलकं धान निघतं, भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात आणि होळीच्या आसपासपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत रात्री जाग्या असतात. मंडई किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) कोणत्या दिवशी, हे गाव आधी ठरवतं. मग गावच्या नाट्यमंडळाची माणसं वडशाला जातात. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं. तिथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत, बाहेर नव्या नाटकांची पोस्टरं लागलेली असतात. त्या रात्री जी कंपनी मोकळी, तिचं नाटक गावाला मिळतं. त्यामुळे यंदा कोणतं नाटक, ते तुमच्या भावालाच आधी कळेल.

आसपास दोन-तीन गावांत प्रयोग असतील तर नावावर जाऊ नका. नावं सगळीच भडक असतात. गाणारे नट कोण आणि ऑर्गन-तबल्यावर कोण, एवढं विचारा. नट भर प्रवेशात स्वतः गातो, समोर बसलेले वादक त्याला साथ देतात, हे तुमच्या मुलाला ठाण्यात सहज पाहायला मिळणार नाही. माझ्या मते झाडीपट्टीचा जीव त्या गाण्यातच आहे. मधल्या रेकॉर्ड डान्ससाठी मात्र मी मुलाला जागं ठेवणार नाही.

तिकीट मंडळाकडे मिळतं. खुर्ची हवी असेल तर भावाला आधी सांगून ठेवा. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मुलाला दुपारी झोपवा, कानटोपी आणि जाड चादर घ्या. पेंगला तर तिथेच निजू द्या, विनोदी प्रवेशाला उठवा. आमच्याकडची सगळी पोरं अशीच नाटक शिकली.

प्रश्न : मंडळात दोन मतं आहेत. कंपनीचं नाटक आणावं की गावातल्या पोरांनी करावं? (साकोली तालुका)

उत्तर : पोरांनी करावं! पूर्वी गावोगाव असंच होतं. दिवसा पट, रात्री पाहुण्यांसाठी गावकऱ्यांचं नाटक. स्त्रीभूमिकेसाठी नटी आणि वादक तेवढे बाहेरून यायचे. त्याआधी दंडार, आपलं जुनं लोकनाट्य, होतीच. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच मातीतल्या रंगभूमीसाठी. कंपनीचं नाटक पाहून प्रेक्षक तयार होतो, नट तयार होण्यासाठी गावाचा मंच लागतो.

पोळा झाला की तालमी धरा, म्हणजे कापणीच्या धांदलीआधी पाठांतर होईल. पडदे आणि लाइट भाड्याने मिळतात. पैसा वाचवायचा तर कपड्यांत वाचवा, वादकांत नको. शेजारच्या गावात मोठ्या कंपनीचा प्रयोग असेल ती रात्र टाळा. आणि रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध असतात, म्हणून तारीख ठरताच पोलीस ठाण्यात जाऊन परवानगीचं बोलून घ्या.