पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवताय? मग हे वाचा

मॅडम, नागपुरात रुजू झालात, अभिनंदन. पण पहिल्याच तासाला ऑर्बिटलला (अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागेला) हात घालू नका. आधी मोल, म्हणजे कण मोजायचं एकक, विचारा. एका मोलमधल्या कणांचा 6.022 × 10²³ हा आकडा वर्ग धडाधड म्हणेल; 4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे किती मोल, असं विचारलं की माना खाली. बहुतेकदा अडचण केमिस्ट्रीची नसतेच, गुणोत्तराची असते. त्यात दहावीपर्यंत मराठी माध्यम असलं, की ‘लिमिटिंग रिएजंट’ (अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ) ऐकून पोरगं गप्प बसतं आणि आपण त्याला कच्चा समजतो. बिनधास्त मराठीत समजवा. संज्ञा इंग्रजीच ठेवा, पेपरात त्याच येतात.

खरी गंमत लॅबमध्ये. टायट्रेशनला, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली सोडून प्रमाण काढताना, गटात ब्युरेट (तोटीची मापनळी) एकाच्याच हातात, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. दर वेळी हात बदलायला लावा. फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या सूचकाचा) फिका गुलाबी रंग थोड्या वेळाने उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. हे ठाऊक नसलेली मुलगी घाबरून आणखी अल्कली सोडते आणि फ्लास्क गडद गुलाबी! रंग अर्धा मिनिट टिकला की थांब, एवढं सांगितलं तरी तिचा जीव भांड्यात पडतो. आणि हो, तिन्ही रीडिंग हुबेहूब सारखी दिसली तर शाबासकी देण्याआधी वहीतली खाडाखोड बघा.

काटोल-उमरेडहून एसटीने येणाऱ्यांचा सकाळचा पहिला तास हुकतोच. मोलची गणितं त्या तासाला घेऊ नका. नीटमध्ये हुकलेली, रुसून बसलेलीही काही असतील; त्यांना दिवाळीपर्यंत वेळ द्या.