वाचक विचारतात : डोळ्याचं पातं लवेपर्यंत खेळ संपतो!

प्रश्न : भाचा परत जाताना त्याचा जुना गेम बॉय अ‍ॅडव्हान्स (हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम) आणि ‘वारिओवेअर’ची कॅसेट माझ्याकडे ठेवून गेला. त्यात मारिओने तपकिरी राक्षसावर उडी मारायची असते. मी पडद्यावर येणारा सूचनेचा शब्द वाचेपर्यंत वेळ संपलेली असते. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे जमेल का?
– एक मावशी, सातारा

उत्तर : मावशी, नक्की जमेल. आधी खिडकीपाशी बसा. त्या पहिल्या मॉडेलच्या पडद्याला आतून उजेड नसतो, त्यामुळे संध्याकाळी घरात तो राक्षस तुम्हाला नीट दिसतच नसणार.

आता शब्दाचं. २००३ साली आलेल्या या कॅसेटमध्ये दोनशेहून जास्त खेळ आहेत आणि बहुतेक जेमतेम चार-पाच सेकंदांचे. खाली बॉम्बची वात जळत असते, तेवढाच वेळ. त्यात शब्द वाचत बसायचं नाही, चित्र ओळखायचं. बटणं तरी किती, दिशांचं आणि ‘ए’. मारिओची लाल टोपी दिसली की अंगठा ‘ए’वर हवा.

त्या राक्षसाचं नाव गूम्बा. १९८५च्या मूळ मारिओत सगळ्यात आधी भेटतो तो हाच. आमच्याकडे टीव्ही गेम आला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. गूम्बा दिसला रे दिसला की मी घाबरून उडायचो आणि नेमका त्याच्या पुढ्यात पडायचो. बाजूने नुसता लागला तरी मारिओ मरतो. शेवटी ताईने माझा अंगठा धरून ठेवला. ‘येऊ दे, येऊ दे... आता!’ एका विटेएवढं अंतर उरलं, तेव्हा तिने अंगठा सोडला. पायाखाली गूम्बा चपटा झाला. ते ‘आता’ मला अजून ऐकू येतं. तुम्हीही तसंच मोठ्याने म्हणा, खरंच उपयोग होतो.

एकदा भेटलेला खेळ यादीत जमा होतो. तिथून तो एकटाच पुन्हा पुन्हा खेळता येतो. रोज दहा मिनिटं फक्त गूम्बा घ्या. वेग हळूहळू वाढत जाईल, हातही बसेल. मग नाइन-व्होल्ट नावाच्या पात्राच्या टप्प्यात जा, गूम्बा तिथलाच. चार जीव असतात, चार चुका झाल्या की डाव संपतो. टप्प्याच्या शेवटी मात्र एक मोठा खेळ आहे. तिथे वात जळत नाही, तेव्हा घाई न करता खेळा. जिंकलात तर गेलेला एक जीव परत मिळतो.