पऱ्हाटीच्या भुकटीने बोअरच्या पाण्यातील शिसे काढता येईल का?

आपल्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम शिसे निघाले आहे आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, भुकटी सायट्रिक आम्लात मुरवून घरीच गाळणी करावी का, असे आपण विचारले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी माझे उत्तर 'नाही' असे आहे. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात मी हीच भुकटी केली होती, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

पऱ्हाटीतील सेल्युलोज मुळात धातूंना फारसे धरत नाही. सायट्रिक आम्लात भिजवून, वाळवून, सुमारे 120 अंश सेल्सिअसला तापवले की आम्ल सेल्युलोजला जोडले जाते आणि त्याचे उरलेले कार्बॉक्सिल गट पाण्यात ऋणभारित होऊन शिशाच्या धनभारित आयनांना ओढून घेतात. ऊर्ध्वपातित पाण्यात मी शिशाचा क्षार विरघळवून पाहिला, तेव्हा निकाल इतका चांगला आला की मी हुरळून गेलो. पुढे बीडजवळच्या आमच्या घरच्या बोअरचे पाणी नेऊन त्यात तेवढेच शिसे मिसळले, तर भुकटी लवकरच निकामी झाली.

दोष भुकटीचा नव्हता. आपल्या काळ्या पाषाणातून येणारे पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले, असते. ही कठीणता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरमागे 400 मिलिग्रॅम धरली आणि ती सगळी कॅल्शियमची मानली, तर आपल्या पाण्यात शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे 16,000 हून अधिक आयन येतात. कार्बॉक्सिल गटाला शिसे अधिक प्रिय असले, तरी एवढ्या गर्दीत त्याच्या बऱ्याच जागा कॅल्शियमच अडवतो. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेला कायटोसान येथे सरस ठरतो, कारण त्याचे अमिनो गट कॅल्शियमकडे जवळजवळ दुर्लक्ष करतात. मात्र तो आम्लात विरघळतो, म्हणून ग्लुटराल्डिहाइडने त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात आणि त्यात काही अमिनो गट खर्ची पडतात. हे काम स्वयंपाकघरात करण्याचे नाही.

भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे आणि गाळणी केव्हा भरली, हे रंगावरून किंवा चवीवरून कळत नाही. पाणी उकळल्यानेही शिसे जात नाही. तूर्त पिण्यासाठी चांगला आरओ किंवा दुसरा तपासलेला स्रोत वापरावा. शिसे पितळी तोटीतून किंवा जुन्या पाइपातूनही येते, म्हणून सकाळची पहिली धार आणि पंप पाचेक मिनिटे चालल्यानंतरचे पाणी असे दोन वेगळे नमुने तपासून घ्यावेत. नेहमीच्या तपासणीत धातू असतातच असे नाही. ते स्वतंत्रपणे मागावेत.

एवढे करूनही केवळ हौसेखातर प्रयोग केलाच, तर वापरलेली भुकटी उकिरड्यावर टाकू नये. ती शेणखताबरोबर शेतात जाईल आणि धरलेले शिसे तेथे जमिनीत उतरेल. सौम्य आम्लाने धुऊन ती पुन्हा वापरता येते खरी, पण मग ते सगळे शिसे त्या आम्लात जमा होते आणि ते ओतायचे कुठे, हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेलाही सोपा गेला नव्हता.